नायक कोणाचा, मते कोणाची?

डिसेंबर १९७६ मध्ये, देशात आणीबाणी लागू असताना, टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून एक नवा नायक वाचकांसमोर आला. तोपर्यंत या मालिकेवर वेताळ आणि मँड्रेक या परदेशी नायकांचे राज्य होते. नव्या नायकाचे नाव बहादूर. भगवा कुर्ता, खाली निळी जीन्स. चंबळच्या खोऱ्यातल्या एका डाकूचा हा मुलगा. बापाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघालेला हा तरुण पुढे त्याच अधिकाऱ्याच्या प्रभावाने कायद्याच्या बाजूला येतो आणि दरोडेखोरांशी लढण्यासाठी सामान्य नागरिकांचे दल उभारतो. चंबळमधील डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने केलेल्या सामूहिक शरणागतीला तेव्हा जेमतेम साडेचार वर्षे झाली होती. त्यामुळे ही कथा वाचकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. बहादूरच्या गावाचे नाव होते जयगढ. मी राहतो त्या जयपूरच्या माथ्यावर याच नावाचा किल्ला आहे. तो मात्र खरा आहे आणि त्याची गोष्ट पुढे येईल.

बहादूरचे निर्माते आबिद सुरती. गुजरातमध्ये जन्मलेले, मुंबईत वाढलेले, चित्रकार, कादंबरीकार आणि ‘धर्मयुग’मधील ‘ढब्बूजी’चे जनक. एका मुस्लिम लेखकाने भगव्या कुर्त्यातला ठाकूर नायक रचला, याबद्दल १९७६ मध्ये कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. बहुतेक वाचकांना लेखकाचे नावही ठाऊक नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धौलपूर जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी असताना तिथल्या एका शाळामास्तरांशी माझा परिचय झाला. त्यांच्याकडे इंद्रजालच्या अंकांची ट्रंक भरलेली होती. हा बहादूर लिहिणारा माणूस भिंड किंवा मुरेनाचा असणार, कदाचित निवृत्त फौजदार असणार, असा त्यांचा ठाम समज होता. लेखक मुंबईचा आहे आणि त्याचे नाव आबिद आहे, हे मी सांगितले तेव्हा मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, ‘‘साहेब, मग त्यांना बीहड कसे कळले?’’ माझ्या मते वाचकाने लेखकाला विचारावा असा हा उत्तम प्रश्न होता. त्यात कुतूहल होते, संशय नव्हता.

आज क्रम उलटा झाला आहे. पुस्तक उघडण्याआधी लेखक कोण, त्याने कुठे काय म्हटले, कोणाच्या बाजूने सही केली, याची चौकशी होते आणि उत्तर मिळाले की पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही. सुपरहिरोंच्या कॉमिक्सच्या जगात हे फार ठळकपणे दिसते. तिथे वाचकाचे नायकाशी नाते लहानपणी जडलेले असते आणि लेखक मात्र प्रौढपणी भेटतो. ज्याला आपण दहाव्या वर्षी देव मानले, त्याच्या तोंडून बोलणारा माणूस आपल्याला मुळीच न पटणाऱ्या मतांचा निघाला की वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. या भावनेला हसण्याचे कारण नाही. पण या भावनेतून जे निष्कर्ष काढले जातात, त्यांतले बरेचसे तपासणीत टिकत नाहीत. आणि त्यांतले काही निष्कर्ष आता सरकारी निर्णयांपर्यंत पोहोचले आहेत, म्हणून हा विषय राष्ट्रीय चर्चेचा आहे, असे मला वाटते.

सर्वांत परिचित नायकापासून सुरुवात करू. स्पायडरमॅन १९६२ मध्ये जन्मला तो दोन माणसांच्या हातून. संवाद लिहिणारे आणि संपादक स्टॅन ली हे स्वभावाने उदारमतवादी. मासिकातल्या आपल्या सदरात त्यांनी १९६८ मध्ये वंशद्वेषाविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिहिले. चित्रे काढणारे आणि पुढे कथानकही रचणारे स्टीव्ह डिटको हे आयन रँड यांच्या व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाचे अनुयायी. सत्य आणि असत्य यांच्या मध्ये कुठलीही छटा नसते, असे ते मानत. १९६६ मध्ये डिटको यांच्या अखेरच्या अंकात पीटर पार्करची गाठ निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांशी पडते आणि ते विद्यार्थी रिकामटेकडे, हास्यास्पद असे रंगवलेले आहेत. डिटको गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच महाविद्यालयात पुन्हा निदर्शने होतात, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मागणीत तथ्य असल्याचे दिसते. नायक तोच, पोशाख तोच, महाविद्यालयही तेच. मग स्पायडरमॅनची मते कोणती? हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरादाखल आधी अंकाचा क्रमांक विचारावा लागेल. बहादूरच्या बाबतीतही असेच झाले. सुरती यांच्यानंतर जगजित उप्पल यांनी तो लिहिला आणि सामान्य वाचकाला लेखक बदलल्याचा पत्ताही लागला नाही.

या माध्यमाचा हा मूळ स्वभाव आहे. कादंबरीला एक लेखक असतो. कॉमिक्सला लेखक, चित्रकार, संपादक आणि मालक असतात आणि नायकाचे हक्क बहुधा मालकाकडे असतात. शिवाय भाषांतर करणारा असतो. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळ निर्माण केला, तेव्हा त्याचे अरण्य ‘बंगाल’शी नामसाधर्म्य असलेल्या प्रदेशात होते आणि त्याचे हाडवैरी ‘सिंग’ नावाचे चाचे होते. भारतीय आवृत्तीत त्या देशाचे ‘डेंकाली’ झाले, सिंगचे ‘सिंगा’ झाले आणि ‘रामा’ नावाच्या खलनायकाचा ‘रामालू’ झाला. मुंबईतल्या संपादकीय टेबलावर झालेल्या या दुरुस्त्यांमुळे गोऱ्या माणसाने काळ्या लोकांच्या अरण्यात न्यायदान करण्याची ती वसाहतवादी कल्पना बदलली नाही. पण मराठी घरांतल्या मुलांना वेताळ आपला वाटू लागला, एवढे खरे. फॉक यांनी पुढे त्याच कथेत एका स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्राचा लोकनियुक्त कृष्णवर्णीय अध्यक्षही आणला. साठ वर्षांहून अधिक काळ लिहिणाऱ्या लेखकाला एकच मत चिकटवणे अवघड असते.

आता दुसरी बाजू. लेखकाची मते वाचकाला नीट ठाऊक असूनही वाचक नायकाला उलट्या अर्थाने स्वीकारतो, असेही घडते. ॲलन मूर हे स्वतःला अराज्यवादी म्हणवणारे ब्रिटिश लेखक. १९८६-८७ मध्ये त्यांनी ‘वॉचमेन’मध्ये रोरशाक नावाचे पात्र रचले ते डिटको यांच्या कठोर, तडजोड न करणाऱ्या नायकांवर टीका म्हणून. एकाकी, दुर्गंधी येणारा, माणसांचा तिरस्कार करणारा हा मुखवटाधारी पाहून वाचक अशा न्यायदानापासून दूर जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. रोरशाक हाच अनेकांचा आवडता झाला आणि आपणही तसेच आहोत असे अभिमानाने सांगणारे वाचक भेटू लागल्यावर मूर यांनी मुलाखतींत आपली अस्वस्थता लपवली नाही. ‘पनिशर’ या १९७४ च्या पात्राचे लेखक गेरी कॉनवे यांची कथाही अशीच आहे. न्यायव्यवस्थेचे अपयश म्हणजे पनिशर, असे त्यांचे म्हणणे. पण त्याच्या छातीवरचे कवटीचे चिन्ह अमेरिकेतल्या काही पोलिसांनी आपल्या गाड्यांवर आणि गणवेशावर लावले. कॉनवे यांनी याचा जाहीर निषेध केला आणि २०२० मध्ये तेच चिन्ह आंदोलकांच्या हाती देण्याची मोहीम काढली. पोलिसांच्या गाड्यांवरची कवटी तेवढ्याने उतरली नाही.

आपल्याकडे याचे भावंड शोधायला फार लांब जावे लागत नाही. दिल्लीच्या राज कॉमिक्सने नव्वदच्या दशकात ‘डोगा’ हा नायक आणला आणि त्याला मुंबईत वसवले. कचऱ्याच्या ढिगात सापडलेला, डाकूच्या हाताखाली वाढलेला, कुत्र्याचा मुखवटा घालणारा हा तरुण गुन्हेगाराला न्यायालयात नेत नाही. (याच संस्थेच्या ‘नागराज’च्या सुरुवातीच्या अनेक कथा पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी चितारल्या होत्या, हिंदी पट्ट्यातल्या मुलांच्या कल्पनाविश्वाला एका मराठी चित्रकाराने आकार दिला, याची नोंद महाराष्ट्राने पुरेशी घेतलेली नाही.) डोगा वाचला जात होता ती वर्षे मुंबईतल्या पोलीस चकमकींची वर्षे होती आणि चकमकफेम अधिकाऱ्यांची छायाचित्रे नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर झळकत होती. डोगाच्या लेखकांना चकमकी मान्य होत्या का? मुलांना तसे वाटले असेल. पण कथेत डोगा हा सुखी, समाधानी किंवा अनुकरणीय माणूस म्हणून येत नाही. पोलीस कारवाईत झालेल्या मृत्यूंची दंडाधिकारी चौकशी मी सेवाकाळात केली आहे. अशा चौकशीत कागदावर जे राहते ते फार रूक्ष असते: वेळ, अंतर, जखमेची दिशा, साक्षीदारांच्या सह्या. डोगाचा चाहता आणि चौकशी अधिकारी हे दोघेही एकाच घटनेकडे पाहत असतात, पण चाहत्याला जखमेची दिशा कोणी दाखवलेली नसते. ती दाखवण्याची जबाबदारी चित्रकथाकारावर किती आणि राज्यसंस्थेवर किती, हा प्रश्न मला लेखकाच्या खासगी मतांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

अर्थात काही वेळा लेखक स्वतःच समोर येऊन बोलतो. ‘डार्क नाइट रिटर्न्स’ लिहून १९८६ मध्ये बॅटमॅनला नवा जन्म देणारे फ्रँक मिलर यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलकांवर अत्यंत शिवराळ भाषेत टीका केली. त्याच वर्षी त्यांचे इस्लामविरोधी म्हणून गाजलेले ‘होली टेरर’ आले. त्यानंतर असंख्य वाचकांनी पंचवीस वर्षांपूर्वीचा बॅटमॅन काढून पुन्हा वाचला आणि त्यात आधीपासूनच हुकूमशाहीचे बीज होते, असा निवाडा दिला. काहींनी १९९८ च्या ‘थ्री हंड्रेड’मध्ये पुरावे शोधले. २०१८ मध्ये मिलर यांनीच एका मुलाखतीत, ती विधाने केली तेव्हा आपली विचारशक्ती ठिकाणावर नव्हती, अशा अर्थाचे उद्गार काढले. मग पुराव्यांचे काय करायचे? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा आहे. निष्कर्ष हाती आल्यावर दस्तऐवज वाचला की त्यात तो सापडतोच.

आणखी दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. २०१३ मध्ये सुपरमॅनची एक कथा विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांना देण्यात आली. समलिंगी विवाहाला त्यांचा जाहीर आणि संघटित विरोध होता. वाचकांनी निषेध केला, चित्रकार ख्रिस स्प्राउस यांनी अंग काढून घेतले आणि कथा बाजूला पडली. २०१७ मध्ये इंडोनेशियाचे चित्रकार अर्दियन स्याफ यांनी ‘एक्स-मेन गोल्ड’च्या पहिल्याच अंकातील चित्रांत जकार्ताच्या ख्रिस्ती गव्हर्नरविरुद्धच्या मोर्चाचा आकडा आणि कुराणातील एका वचनाचा क्रमांक लपवून पेरला. प्रकाशकाने त्यांचा करार संपवला. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी मतांसाठी शिक्षा झाली असे दिसते. माझ्या मते या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. स्याफ यांनी आपले मत दुसऱ्यांच्या श्रमात आणि मालकाच्या पुस्तकात चोरून घातले; ते मत कोणतेही असते तरी तो करारभंगच ठरला असता. कार्ड यांच्या कथेत काय होते ते वाचकांनी पाहिलेच नव्हते. तरीही मी कार्ड यांच्या वाचकांना दोष देणार नाही. एखाद्या माणसाच्या खिशात आपले पैसे जाऊ नयेत, ही इच्छा बाळगण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि एका चित्रकाराने सद्सद्विवेकाला स्मरून काम नाकारणे हे तर सन्मानाचे आहे. मात्र या निर्णयाला साहित्यसमीक्षा म्हणू नये. तो बहिष्कार होता आणि लोकशाहीत बहिष्काराला जागा आहे. गांधीजींच्या देशात हे वेगळे सांगायला नको.

राजस्थानात राहून या विषयावर लिहिताना एका जुन्या लेखकाला टाळता येत नाही. कर्नल जेम्स टॉड हा ईस्ट इंडिया कंपनीचा पश्चिम राजपुतान्यातील राजकीय प्रतिनिधी, म्हणजे एका अर्थी आमच्या सेवेचा पूर्वज. १८१८ ते १८२२ या काळात तो इथे होता. राजपूत राजांकडे त्याचा कल झुकतो, असा संशय त्याच्या वरिष्ठांना होता. तब्येतीचे कारण देऊन तो परतला आणि १८२९ व १८३२ मध्ये लंडनहून त्याच्या राजस्थानच्या इतिहासाचे दोन खंड निघाले. राणा प्रताप, पद्मिनी, चितोडचे जोहर हे सारे आधुनिक भारतीय मनात ज्या तेजस्वी रूपात उभे आहे, त्यामागे भाटचारणांच्या परंपरेबरोबर टॉडच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. बंगालच्या नाटककारांनी त्याच्याकडून घेतले, राष्ट्रवाद्यांनी घेतले आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथे’तून तो वारसा आमच्या पिढीपर्यंत आला. सुपरहिरो हा शब्द रूढ होण्याच्या शंभर वर्षे आधी टॉडने आम्हाला सुपरहिरो दिले.

आणि टॉडची वैयक्तिक मते? ती पानोपानी आहेत. राजपुतांवर त्याचे प्रेम होते आणि मराठ्यांचा त्याला उघड तिटकारा होता. त्याच्या ग्रंथात मराठे येतात ते लुटारू म्हणून. यातला काही भाग खरा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे-होळकरांच्या फौजांनी मेवाड आणि जयपूरकडून जी खंडणी वसूल केली, तिच्या आठवणी इथल्या लोककथांत आजही आहेत. पण टॉड ज्या कंपनीचा नोकर होता, तिला मराठ्यांची सत्ता मोडून राजपूत संस्थानांशी नुकतेच तह करायचे होते. मराठे जितके काळे दिसतील तितका कंपनीचा प्रवेश उजळ ठरत होता. मराठी वाचकाने म्हणून टॉड फेकून द्यावा का? आणि राजपूत वाचकाने, तो आपला चाहता होता म्हणून, त्याचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानावे का? इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवले ते असे: लेखकाचे मत ठाऊक असणे हा लाभ आहे, कारण त्यामुळे कुठे सावध राहायचे ते कळते. मत कळले म्हणून ग्रंथ मिटवायचा नसतो. टॉडइतका पक्षपाती आणि टॉडइतका अपरिहार्य दुसरा लेखक राजस्थानच्या अभ्यासकाला भेटत नाही.

वाचकांची ही सवय सुटली की काय होते, ते या शहराने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. सलमान रश्दी २००७ च्या जयपूर साहित्य महोत्सवात आले, डिग्गी पॅलेसच्या आवारात हिंडले, बोलले आणि परत गेले. काहीही झाले नाही. २०१२ मध्ये ते पुन्हा येणार म्हटल्यावर वादळ उठले. मारेकरी निघाल्याची गुप्तवार्ता पुढे आली, रश्दींनी येणे रद्द केले आणि पुढे तिच्या खरेपणावर त्यांनीच शंका घेतली. अखेर २४ जानेवारीला दृक्‌श्राव्य माध्यमातून होणारे त्यांचे भाषणही सुरक्षेच्या कारणाने रद्द झाले. त्यांच्या कादंबरीतील उतारे वाचून दाखवणाऱ्या चार लेखकांना शहर सोडावे लागले. २००७ आणि २०१२ यांच्या दरम्यान त्या कादंबरीतला एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. बदलले होते ते एवढेच की शेजारच्या उत्तर प्रदेशात विधानसभेच्या निवडणुका आल्या होत्या. त्या कादंबरीच्या आयातीवर ऑक्टोबर १९८८ मध्ये घातलेल्या बंदीची अधिसूचना सरकारला न्यायालयापुढे सादरच करता आली नाही, म्हणून ती अस्तित्वात नाही असे गृहीत धरावे लागत असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नोंदवले. छत्तीस वर्षे एक देश एका कागदाचे पालन करत होता आणि कागद सापडत नव्हता. नस्ती सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यावर काय बोलावे ते सुचत नाही.

जयगढची गोष्ट सांगायचे राहिले होते. २७ जानेवारी २०१७ रोजी त्या किल्ल्यावर ‘पद्मावती’च्या चित्रीकरणाच्या ठिकाणी संजय लीला भन्साळी यांना मारहाण झाली. चित्रपट तयार झालेला नव्हता. दिग्दर्शकाच्या मनात काय असेल याचा मारणाऱ्यांनी अंदाज बांधला होता. वर्षभराने सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्ष प्रसून जोशी यांनी त्या चित्रपटाला प्रमाणपत्र दिले एवढ्याच कारणाने त्यांना धमक्या आल्या आणि त्यांनी जयपूरच्या महोत्सवात न येण्याचे ठरवले. चित्रपट प्रदर्शित झाला तो सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बंदीला स्थगिती दिल्यामुळे; आणि तो पाहणाऱ्यांना त्यात राजपूत शौर्याच्या गौरवाखेरीज फारसे काही आढळले नाही. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा संस्थेचा अपराध इतकाच होता की, एका परदेशी लेखकाने आपल्या पुस्तकात तिचे आभार मानले होते.

येथवर प्रश्न समाजाचा होता. राज्यसंस्थेने कसे वागावे, याविषयी आपल्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद पडून आहे आणि गंमत अशी की ती कॉमिक्समुळेच आली. १९५४ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थॅम यांच्या पुस्तकाने खळबळ उडवली. कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा त्यांचा दावा होता. सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ती लाट ब्रिटनमार्गे आपल्याकडे आली आणि संसदेने १९५६ मध्ये तरुणांसाठी हानिकारक प्रकाशनांविषयीचा कायदा केला. चित्रांच्या साहाय्याने किंवा केवळ चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग रंगवणारे प्रकाशन ‘समग्रपणे’ पाहता तरुण वाचकाला भ्रष्ट करणारे असेल तर ते जप्त करता येते. पण त्याआधी राज्य सरकारला महाधिवक्त्यांचा सल्ला घ्यावा लागतो आणि आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट खुली असते. या कायद्यात लेखकाच्या मतांचा, धर्माचा किंवा पूर्वचरित्राचा कुठेही संबंध नाही. पाहायचे ते प्रकाशन आणि तेही समग्र. कायदा जुना आहे, थोडा भाबडाही आहे, पण त्याची नजर योग्य जागी आहे. एप्रिल १९४० मध्ये नाझींच्या एसएस संघटनेच्या साप्ताहिकाने सुपरमॅनवर तोंडसुख घेतले तेव्हा त्यांनी कथेची चिकित्सा केली नव्हती. लेखक जेरी सीगल ज्यू आहे, हा त्यांचा मुद्दा होता. राज्यसत्तेची नजर पुस्तकावरून लेखकाच्या कुळाकडे वळली की ती कुठवर जाते, ते जगाने पाहिले.

सरकार आणि कॉमिक्स यांचे नाते नेहमी संशयाचेच असते असेही नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण विभागाने स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्यावर गोष्ट लिहिण्याची विनंती केली. आचारसंहितेत अमली पदार्थांचा उल्लेखच निषिद्ध होता. त्यामुळे स्पायडरमॅनचे ते तीन अंक मंजुरीच्या शिक्क्याविना छापले गेले आणि त्यानंतर आचारसंहिताच बदलावी लागली. आमच्याकडे आबिद सुरती यांना सरकारने काही लिहायला सांगितल्याचे मला ठाऊक नाही. त्यांनी मात्र २००७ पासून मीरा रोडला रविवारी प्लंबरला सोबत घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. बहादूरचे जुने वाचक आज त्या कामाचे कौतुक करतात आणि त्यात नायकाचे गुण शोधतात. हेही लेखकाच्या आयुष्यावरून नायक वाचणेच आहे, फक्त ते गोड वाटते म्हणून आपण त्याला आक्षेप घेत नाही.

सनदी सेवेत असताना आम्ही काही लिहिले तर ‘ही मते वैयक्तिक आहेत, शासनाची नाहीत’ असे बजावण्याचे बंधन आचरण नियमांनुसार असे. त्या एका वाक्याच्या आडोशाने सेवेतल्या कितीतरी जणांनी इतिहास, कविता, प्रवासवर्णने लिहिली. माणूस आणि त्याचे पद वेगळे असू शकतात, हे सरकारने स्वतःच्या नोकरांपुरते लेखी मान्य केले होते. लेखक आणि त्याचे पुस्तक यांच्याबाबत तेच सरकार इतके उदार राहत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात जे घडले त्याकडे मी दुरून पण बारकाईने पाहत होतो. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य सरकारचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा पुरस्कार ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि सहाच दिवसांत शासननिर्णयाने रद्द झाला. निवड समितीही बरखास्त झाली. अनेक साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. आक्षेप मूळ लेखकाच्या नक्षलवादाशी जोडल्या गेलेल्या भूतकाळाला होता. पुस्तकावर बंदी नव्हती, आजही नाही. पुरस्कार अनुवादासाठी होता; म्हणजे ज्या मतांबद्दल रोष होता, ती जिला मिळाली नव्हती आणि जिने मांडलीही नव्हती, त्या व्यक्तीच्या हातून तो काढून घेतला गेला. नक्षलवादाविषयी माझी मते कठोर आहेत. त्या हिंसेत माझ्या सेवेतले सहकारी आणि असंख्य आदिवासी बळी पडले आहेत. पण त्या निवड समितीसमोर प्रश्न नक्षलवादाचा नव्हता. एका भाषेतले गद्य दुसऱ्या भाषेत किती चोख उतरले, हा होता. समितीने तो सोडवला आणि सरकारने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

सरकारला असे पुरस्कार द्यायचे नसतील तर तो त्याचा अधिकार आहे, पण मग तसे नियमांत आधी लिहावे. मूळ लेखकाचे चरित्र हा निकष असेल, तर तो प्रवेशिका मागवतानाच जाहीर करावा. समितीचा निर्णय फिरवायचा असेल, तर कारणे नोंदवून, समितीचे म्हणणे ऐकून आणि अनुवादकाला संधी देऊन फिरवावा. तहसीलदाराने शिधापत्रिका रद्द करतानाही एवढी प्रक्रिया पाळावी लागते. आणि पुस्तकाविषयीच आक्षेप असेल, तर १९५६ च्या कायद्यातला तो एक शब्द, ‘समग्रपणे’, संबंधित नस्तीच्या पहिल्या टिपणीत लिहून घ्यावा, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याला निदान पुस्तक मागवावे लागेल.